मतदार यादी, आमची पेठ आणि क्यूआर कोड : कोल्हापुरातल्या कामाच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

२६ जून २०२४

काम काय आणि कशासाठी, एवढं आधी लिहून ठेवतो. दुसऱ्या पेठेत कुणाला हेच करायचं असेल तर उपयोगी पडेल.

७ मेला लोकसभेच्या मतदानादिवशी आमच्या गल्लीतली बरीच माणसं ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर गेली आणि मत न देताच परत आली. कुणाचं नाव दुसऱ्याच यादी भागात गेलेलं, कुणाचं 'स्थलांतरित' म्हणून कमी झालेलं, कुणा सुनेचं अजून माहेरच्या यादीत. ओळखपत्र असलं म्हणजे यादीत नाव असतंच असं नाही, हे बहुतेकांना त्या दिवशी दारात कळलं. त्यात शहर दोन विधानसभा मतदारसंघांत वाटलेलं, २७६ कोल्हापूर उत्तर आणि २७४ कोल्हापूर दक्षिण. शहरातल्या शहरात घर बदललं तरी मतदारसंघ बदलू शकतो.

विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपते. त्याआधी पेठेतल्या प्रत्येक घराने यादीत आपलं नाव बघावं आणि नसेल तर अर्ज करावा, एवढंच काम. मत कुणाला द्यायचं यावर एक शब्द बोलायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. ते ठरवणं गरजेचं होतं, कारण काम तालमीतून (पेठेतला आखाडा आणि त्याचं मंडळ) चालणार होतं, आणि कोल्हापुरात तालीम म्हटली की ती कुणाची, हे लोक आधी विचारतात.

माणसं अशी : तालमीतली काही पोरं, बचत गटातल्या दोघी वहिनी, एक निवृत्त मुख्याध्यापिका (त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात) आणि मी. मी उद्यमनगरात फौंड्रीच्या कास्टिंगची तपासणी करतो, त्यामुळे मापं लिहायची सवय आहे. ती या नोंदींत दिसेल.

घरोघर फिरायला माणसं पुरत नाहीत म्हणून क्यूआर कोड. ही कल्पना पोरांची.

३० जून

पहिला कोड छापला आणि तो वाचताच आला नाही.

स्कॅन केलं की बाईंच्या व्हॉट्सॲपवर 'मला मतदार यादीत नाव शोधायचं आहे' असा मराठी मजकूर आपोआप टाईप होऊन यावा, असा दुवा पोरांनी बनवला होता. कल्पना चांगली. पण दुव्यात देवनागरी अक्षर तसंच्या तसं जात नाही. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत तीन बाइट घेतो, आणि दुव्यात प्रत्येक बाइटची टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरं होतात. म्हणजे एका 'म'ला नऊ अक्षरं. एवढंसं वाक्य दोनशे ऐंशीच्या घरात गेलं आणि कोडात एका बाजूला ६५ चौकटी आल्या. भोवतीची कोरी जागा धरली तर ७३. स्टिकर २५ मिलिमीटरचा, म्हणजे एक चौकट जेमतेम ०.३४ मिलिमीटरची. प्रेसमधून आल्यावर भिंग लावून बघितलं तर शाई पसरून शेजारच्या चौकटी एकमेकीत मिसळल्या होत्या. नव्या महागड्या फोनने वाचला. वहिनींच्या जुन्या फोनने नाही. आणि आपल्याला पोहोचायचंय ते जुन्या फोनवाल्यांपर्यंतच.

पहिली छपाई रद्दीत गेली.

४ जुलै

दुवा लहान करायचा म्हणून एक फुकटचं संकेतस्थळ वापरलं. तिथे कोड बनवला की तो कुठे न्यायचा हे नंतर बदलता येतं. आता कोड मोकळा आला आणि सगळ्यांच्या फोनने वाचला. या वेळी ५० मिलिमीटरचा स्टिकर.

एका पोराने काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कोड केला होता. दिसायला नाद खुळा, पण बरेच जुने फोन उलटा कोड घेत नाहीत. गडद कोड आणि पांढरा कागद, यात फेरफार करू नये.

मग स्टिकरच्या किनारीच्या रंगावर वाद. भगवा नको, निळा नको, हिरवा नको, पिवळा नको, प्रत्येकाचा कुणीतरी मालक आहे. पक्ष संपले तर फुटबॉलचे संघ निघाले. या पेठांत जर्सीच्या रंगावरून माणसं वर्षानुवर्षं अबोला धरतात. शेवटी चॉकलेटी. तो कुणाचाच नाही.

७ जुलै, रविवार

चहाच्या गाड्यांवर, दूध कट्ट्यावर (म्हशीचं ताजं दूध प्यायची जागा) आणि किराणा दुकानांत स्टिकर लावले. संध्याकाळपर्यंत निम्मे निघाले.

कारण साधं होतं आणि आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. गाड्यावर चौकोनी कोड दिसला की गिऱ्हाईक पैसे द्यायला फोन काढतं. आमचा कोड चहावाल्याच्या कोडाशेजारी. लोक पैसे पाठवायच्या ॲपने आमचाच कोड स्कॅन करायचे, ॲप म्हणायचं हा कोड चालत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, तुमचं स्कॅनर बंद हाय, उद्या देतो." एका चहावाल्याने आम्हाला बोलावून विचारलं, "माझ्या गिऱ्हाईकाचं पैसं तुमच्याकडं जात्यात काय रं?" त्याचा राग रास्त होता.

उलट बाजूने बायकांचा प्रश्न वेगळा. स्कॅन केलं की खात्यातले पैसे जातात, असं त्यांनी ऐकलेलं. तेही सगळं खोटं नाही. पैसे मिळतील म्हणून कोड स्कॅन करायला लावून फसवल्याच्या गोष्टी घरोघर माहीत आहेत. स्कॅन करून पिन टाकला तर पैसे जातात, येत नाहीत, हे समजावत बसावं लागलं.

बदल असे केले :

पैशाच्या कोडाच्या हातभर जवळही आपला कोड लावायचा नाही. गल्ल्याच्या बाजूला तर नाहीच.

कोडावर मोठ्या अक्षरात 'मतदार यादीत नाव बघा', आणि खाली 'पैसे लागत नाहीत. फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा.' आधी आम्ही कोड मोठा आणि मजकूर बारीक ठेवला होता. तो उलटा केला.

सर्वांत खाली १९५०, म्हणजे मतदारांसाठीची हेल्पलाईन. साधा फोन असलेल्याला निदान तेवढं तरी.

आणखी एक अडचण फोटो नसल्याची निघाली. चेहऱ्यांशिवायचा फलक आपल्याकडे लोकांना खरा वाटत नाही. दूध कट्ट्यावर एक आजोबा स्टिकर पुढूनमागून बघून म्हणाले, "ह्यात फोटो कुणाचाच न्हाई. मग पैसं कुणाचं?" वर्गणीचे, असं सांगितलं. पटलं नाही त्यांना.

१८ जुलै

लावलेले सगळे कोड एकदम मेले. स्कॅन केलं की आमच्या माहितीच्या वेबपानाऐवजी इंग्रजीत 'मुदत संपली, पैसे भरा' अशा अर्थाचा मजकूर. म्हणजे लोकांना जी भीती होती तीच पडद्यावर उमटली. ज्यांनी स्कॅन केलं असेल ते परत करणार नाहीत, हे नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

बदलता येणाऱ्या कोडात छापलेला दुवा त्या संकेतस्थळाचा असतो. ते आपल्याला पुढे पाठवतं. त्याने पाठवणं थांबवलं की छापलेला कागद फुकट. साधा, न बदलणारा कोड कधीच मरत नाही, पण तो छापल्यावर वळवताही येत नाही. आणि आम्हाला वळवणं लागणार होतं : आत्ता नाव बघा, ऑगस्टमध्ये दुरुस्ती करा, नोव्हेंबरमध्ये केंद्र शोधा.

उपाय असा केला. स्वतःचं छोटं डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) घेतलं, वर्षाला साताठशे रुपये. छापलेल्या कोडात आपलाच पत्ता, पुढे कुठे पाठवायचं ते आपल्या हातात. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर छपाईचा सगळा खर्च वाचला असता.

हे करताना एक युक्ती सापडली. पत्ता सगळा मोठ्या (कॅपिटल) इंग्रजी अक्षरांत दिला तर कोड लहान होतो, कारण मोठी अक्षरं आणि आकडे यांच्यासाठी क्यूआरमध्ये वेगळी, कमी जागेची मांडणी आहे. आमचा पत्ता बावीस अक्षरांचा. पंचवीस टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी दुरुस्तीची पातळी ठेवूनही तो २५ चौकटींत बसला. डोमेनच्या नावाला लहान-मोठं अक्षर सारखंच, पण पुढचा तुकडा सर्व्हरला मोठ्या अक्षरांत चालतो का ते तपासून घ्या.

५० मिलिमीटरच्या स्टिकरवर आता एक चौकट दीड मिलिमीटरची. मी व्हर्निअर लावून मोजली.

प्रत्येक जागेला पत्त्याचा वेगळा तुकडा दिला, आर०१, आर०२ असा. म्हणजे कुठल्या जागेवरून किती स्कॅन झाले ते कळतं. कुणी केलं ते कळत नाही, आणि कळायला नकोच आहे.

२६ जुलै

काम बंद. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या वर आहे. पोरं सुतारवाड्यातल्या लोकांचं सामान हलवायला गेली आहेत. ग्रुपवर फक्त पाण्याची पातळी.

एक गोष्ट मात्र लिहितो. कागदी स्टिकर पावसात लगदा झाले, व्हिनाईलचे टिकले.

६ ऑगस्ट

आज प्रारूप (कच्ची) मतदार यादी प्रसिद्ध झाली. हरकती-दुरुस्त्या २० तारखेपर्यंत, अंतिम यादी ३० ऑगस्टला. सर्व कोड आज 'नाव बघा'वरून 'नाव बघा आणि दुरुस्त करा'वर वळवले. स्टिकर तेच, पान वेगळं. डोमेनचे पैसे इथेच वसूल झाले.

पान आम्ही मुद्दाम उघडंबोडकं ठेवलंय. तीनच मोठी बटणं : नाव बघा, नाव नाही किंवा चुकलंय, माणसाशी बोला. पहिली दोन थेट निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर नेतात, तिसरं बाईंना फोन लावतं. सर्वांत जास्त तिसरं दाबलं जातं.

नाव शोधताना लोक नावाने शोधतात आणि अडकतात. ज्योत्स्ना, जोत्स्ना, ज्योस्ना यांपैकी यादीत कुठली आहे हे देवालाच ठाऊक. ओळखपत्रावरच्या दहा अक्षरी क्रमांकाने, तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे, लगेच सापडतं. पण जुन्या कार्डावर एमटीने सुरू होणारा, मध्ये तिरप्या रेघा असलेला लांबलचक क्रमांक असेल तर त्याने बहुतेक वेळा सापडत नाही. मग नाव, वय, जिल्हा भरून शोधावं लागतं. हे वाक्य पानावर टाकल्यावर बाईंचे फोन जरा कमी झाले.

१० ऑगस्ट

परवा रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. गावात दुसरा विषय नाही. आज कुणाच्या दारात जाऊन मतदार यादी बोलायची आमचीच इच्छा नव्हती, पण २० तारीख थांबणार नाही. वहिनी बचत गटाच्या बैठकीत गेल्या, त्यांच्याबरोबर मीही.

तिथे जे कळलं ते आधीच्या सगळ्या स्टिकरांनी मिळून सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन आलेल्या बऱ्याच जणी नमुना ६ भरतात. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. माहेरी नाव असेल तर नमुना ८ भरायचा. २०२२च्या ऑगस्टपासून पत्ता बदल, दुरुस्ती, कार्ड बदलून घेणं, अपंगत्वाची नोंद हे सगळं त्याच एका अर्जात आहे. नमुना ६ भरला की नाव दोन ठिकाणी होतं, आणि पुढे कुणीतरी एक नाव कापतं. ते नेमकं सासरचंच कापलं गेल्याची उदाहरणं याच बैठकीत निघाली.

दुसरी अडचण ओटीपीची. घरात अर्ज भरायचा फोन एकच आणि तो मुलाकडे, मुलगा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत ड्युटीवर. सकाळी अकराला बैठक घेऊन आम्ही अर्ज भरू म्हणतो तेव्हा ओटीपी शिरगावात वाजतो. बैठकीची वेळ रात्री साडेआठची केली, पोरं घरी आल्यावर. बायकांसाठी कार्यक्रम म्हणून दुपारची वेळ ठरवण्याआधी फोन कुणाच्या खिशात असतो ते विचारावं.

या बैठकीत कोड भिंतीवर नव्हता. वहिनींनी तो कार्डावर छापून हातात धरला होता. त्यांच्या हातातला कोड बायकांनी न घाबरता स्कॅन केला. तोच कोड, तेच पान.

१९ ऑगस्ट

गुगल फॉर्म बंद केला.

सुरुवातीपासून पानाच्या तळाला एक फॉर्म होता : नाव, मोबाईल, ओळखपत्र क्रमांक लिहा, आम्ही तपासून कळवू. सोयीचा होता, लोक भरतही होते. बाईंनी काल विचारलं, "हे नंबर कुणाकडे जाणार? आणि निवडणूक झाल्यावर त्याचं काय करणार?" पोरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

आज सकाळी त्याचं उत्तर आपोआप चालत आलं. एक भावी नगरसेवक (महापालिकेवर तेव्हा २०२०पासून प्रशासक होता, त्यामुळे भावी बरेच साठलेले) तालमीत येऊन गोड बोलून बसला. छपाईचा सगळा खर्च मी करतो म्हणाला. फक्त ती नंबरांची यादी पाठवा, लोकांना शुभेच्छा द्यायला. पोरांनी चहा पाजून वाटेला लावला. दुपारी फॉर्म बंद केला आणि जमा झालेली नोंद, ज्यांचं काम अर्धं होतं त्यांना फोन करून झाल्यावर, पुसून टाकली.

ज्याला मदत हवी त्याने फोन करावा. हे हळू चालतं. पण त्या यादीची राखण करत बसण्यापेक्षा बरं.

२४ ऑगस्ट

कुठल्या जागा चालल्या आणि कुठल्या नाही, त्याचा हिशेब बघितला.

महाद्वार रोड, मिरजकर तिकटी : जवळपास शून्य. लाखाची गर्दी असली तरी चालत्या माणसाला फोन काढायला सवड नाही.

दूध कट्टा : मधला. माणूस निवांत असतो, पण एका हातात ग्लास असतो.

केशकर्तनालय : सर्वांत चांगलं, एका घोळानंतर. कोड मागच्या भिंतीवर लावला होता. खुर्चीतला माणूस आरशात बघणार, त्याला उलटा कोड दिसणार, आणि उलटा कोड काही फोन वाचतात, काही नाही. स्टिकर आरशाच्या कडेला लावला आणि स्कॅन वाढले. बाकड्यावर नंबर लावून बसलेला माणूस कंटाळलेला असतो, आणि न्हावी त्याला आपणहून सांगतो, "भावा, स्कॅन कर की, माझं नाव निघालं बघ."

रेशन दुकान : रांग आहे, वेळ आहे, पण हात थैल्यांत. वर ट्यूबलाईटची तिरीप चकचकीत लॅमिनेशनवर पडून कोडच दिसेना. मॅट लॅमिनेशन केल्यावर वाचायला लागला, पैसे किंचित जास्त.

तालमीच्या फलकावर : स्कॅन आहेत, पण ते पोरांनीच केले असावेत.

१८ सप्टेंबर

गणपती काल गेले. आजपर्यंतचं सर्वांत यशस्वी आणि सर्वांत फसलेलं, दोन्ही याच दिवसांतलं.

फसलेलं आधी. मंडपातल्या मोठ्या एलईडी पडद्यावर कोड दाखवायचा आग्रह पोरांचा. पडद्याचे ठिपके आणि कोडाच्या चौकटी कॅमेऱ्यात एकमेकांवर येऊन नुसत्या लाटा दिसतात. त्यात कोड काही सेकंद दिसायचा आणि मग दिव्यांचा खेळ. लोक कॅमेरा काढेपर्यंत गेलेला. शिवाय त्या आवाजात आपण काय बोलतोय ते आपल्यालाच ऐकू येत नाही. पडद्याच्या भाड्यातला आमचा वाटा गेला तो गेला.

चाललं ते आरतीचं पत्रक. मंडळ दरवर्षी आरत्या छापून घरोघर वाटतंच. या वर्षी मागच्या कोऱ्या बाजूला कोड, १९५० आणि दोन ओळी. वेगळा कागद नाही, वेगळी वाटणी नाही, खर्च फक्त मागच्या बाजूच्या शाईचा. पत्रक देवाजवळ राहतं, कुणी फेकत नाही. आरतीला घरातली सगळी माणसं एकत्र असतात आणि निदान एकाकडे बरा फोन असतोच. या दहा दिवसांत आलेले स्कॅन जुलै-ऑगस्टच्या सगळ्या भिंतींपेक्षा जास्त होते.

बाईंचा आक्षेप होता : देवाच्या पत्रकावर निवडणूक कशाला? आणि पेठेत मुसलमान, जैन, ख्रिस्ती घरंही आहेत, त्यांच्याकडे आरतीचं पत्रक जात नाही. पहिल्या आक्षेपावर मतभेद राहिला. दुसरा बरोबर होता. त्या घरांत वहिनी कार्ड घेऊन स्वतः गेल्या.

२९ सप्टेंबर

दसरा चौक आणि आसपासची वसतिगृहं. शाहू महाराजांच्या काळापासून या गावात शिकायला आलेल्या मुलांची सोय बोर्डिंगांत होते आणि आजही खोल्या भरलेल्या असतात. मुलं आजऱ्याची, चंदगडची, कुणी सीमेपलीकडची.

इथे कोड पटापट स्कॅन झाला, सांगावंच लागलं नाही. अडचण पुढची. वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, संस्थेच्या प्रमुखांचं प्रमाणपत्र लागतं. पण एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि अर्जात खोटी माहिती देणं गुन्हा आहे. गावी नाव असलेल्या मुलाने इथे घ्यायचं की तिकडेच ठेवायचं, ते त्याने ठरवावं. बहुतेकांनी गावच निवडलं. निवडणुकीला एसटीने जाणार म्हणतात. आम्हाला वाटलं होतं इथे भरपूर अर्ज होतील. ते झाले नाहीत आणि त्यात वाईट काही नाही.

अठरा पूर्ण न झालेल्यांसाठी वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. हे एकाही मुलाला माहीत नव्हतं.

१५ ऑक्टोबर

दुपारी निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबर, मोजणी २३ला. आचारसंहिता लागू.

विजेच्या खांबांवर आणि सार्वजनिक भिंतींवर पोरांनी जे काही चिकटवलं होतं ते रात्रीत काढलं. कुणाचा प्रचार नसला तरी मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५चा राज्याचा कायदा आहेच, आणि तो निवडणुकीपुरता नाही. खरं तर ते तिथे लावायलाच नको होते. दुकानांतले, मालकांच्या परवानगीने लावलेले, तसेच ठेवले.

प्रेसवाल्याने नवी कार्डं मुद्रक-प्रकाशकाच्या नाव-पत्त्याशिवाय छापायला नकार दिला. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ उमेदवाराच्या बाजूच्या किंवा विरोधातल्या पत्रकांसाठी आहे, आमचं तसलं काही नव्हतं. तरी वाद न घालता नाव-पत्ता टाकला. उलट झालं असं की पत्ता दिसल्यावर लोकांचा विश्वास वाढला. त्या दूध कट्ट्यावरच्या आजोबांनी पत्ता वाचून "मग हे आधीच लिवायचं न्हवं?" असं सुनावलं.

१९ ऑक्टोबर

या निवडणुकीसाठी अर्जाचा शेवटचा दिवस. अर्ज आला की हरकतीसाठी सात दिवस थांबावं लागतं, मग तपासणी, म्हणून उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीच दार बंद होतं.

संध्याकाळी तालमीत रांग. तीन महिने स्टिकर बघून पुढे गेलेली माणसं आज आली. फोटो काढायला पांढरी भिंत हवी म्हणून कुस्तीच्या आखाड्याशेजारची भिंत पुसली. संकेतस्थळ रात्री इतकं मंद झालं की ओटीपी येईपर्यंत त्याची वेळ संपायची. काहींचे अर्ज राहिले. त्यात असे होते ज्यांना मी स्वतः जुलैत कार्ड दिलं होतं.

रात्री सर्व कोड 'मतदान केंद्र शोधा'वर वळवले.

१७ नोव्हेंबर

केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) असलेल्या एक शिक्षिका घरोघर मतदार माहिती चिठ्ठ्या वाटताहेत. त्या शाळा सांभाळून हे करतात. त्यांना आमच्या स्टिकरांचं फार कौतुक नव्हतं. त्यांचं म्हणणं, लोकांना आता दोन कोड दिसतात, एक चिठ्ठीवरचा सरकारी आणि एक तुमचा, त्याने घोळ होतो. बरोबर होतं. आमच्या पानावर सर्वांत वर लिहिलं : चिठ्ठी मिळाली असेल तर तिच्यावरची माहितीच बघा. चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नाही, हेही लिहिलं. ते दरवर्षी सांगावं लागतं.

दुसरी सूचना महत्त्वाची : भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या. या निवडणुकीत केंद्राच्या १०० मीटरच्या आत मोबाईल नेता येत नाही. म्हणजे पाच महिने ज्या फोनच्या जोरावर हे सगळं चाललं तो मतदानाच्या वेळी खिशात असून चालत नाही. घरात ठेवा किंवा कुणाकडे तरी द्या. वहिनींनी म्हाताऱ्या माणसांसाठी हाताने चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आहेत.

२० नोव्हेंबर

दिवसभर बाईंचा फोन वाजत राहिला. स्कॅन सकाळी नऊपर्यंत, नंतर जवळपास बंद.

मे महिन्यात परत आलेल्यांपैकी बरीच घरं या वेळी मत देऊन आली. सगळी नाही. एका घरात मुलाचं नाव आलं आणि आईचं गेलं. नमुना ८ भरताना कुणाचा क्रमांक टाकला गेला ते शोधतोय.

२४ नोव्हेंबर

आवराआवर.

व्हिनाईल स्टिकर नुसता ओढला तर अर्धा निघतो आणि डिंक राहतो. केस वाळवायच्या यंत्राने गरम करून काढावा, राहिलेला डिंक रॉकेलच्या फडक्याने. केशकर्तनालयवाल्याने यंत्र दिलं. त्याने स्वतःच्या आरशावरचा मात्र काढू दिला नाही.

खर्चात सर्वांत मोठा आकडा वाया गेलेल्या छपाईचा, त्याखालोखाल एलईडी पडद्याचा. डोमेन, वहिनींची कार्डं आणि आरतीच्या पत्रकाची मागची बाजू, म्हणजे ज्यांनी काम केलं ती तिन्ही मिळून त्याच्या निम्मीही भरत नाहीत. बाईंच्या फोनचं रिचार्ज वर्गणीतून केलं. त्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतलं.

डोमेन पुढच्या जुलैपर्यंत आहे. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडतात, त्यामुळे आत्ता दुरुस्त झालेलं नाव तिथेही उपयोगी पडेल, फक्त प्रभाग कुठला ते पुन्हा बघावं लागेल. कोड त्यासाठी वळवता येतील. आर०४ आणि आर०९ कुठे चिकटवलेत ते आमच्यात कुणालाच आठवत नाही, पण त्यांवरून अजून स्कॅन येताहेत. कुणाला दिसले तर तालमीत सांगा.